कोरडा भुसा

सेगेद शहरातल्या प्रयोगशाळेत इबोयाकडे सात उंदरिणी होत्या. दोन दिवसांच्या असतानाच त्यांना मिरचीच्या अर्काची सुई टोचलेली. आता डोळ्यात तिखट गेलं तरी त्यांची पापणी हलत नसे.

"मूत्राशय भरल्याचंही यांना कळत नाही," डॉक्टर होदींनी बजावलं होतं. "रोज सकाळी पोट दाबून रिकामं करायचं. विसरायचं नाही."

इबोया विसरली नव्हती. पण शनिवारी घरी तिच्या तान्ह्या गेर्गोला दात येत होते, तो मांडीवरून उतरेना, आणि ती धावतपळत पोचली तेव्हा पाठीवर पिवळी खूण असलेल्या उंदरिणीचा भुसा कोरडा ठणठणीत होता. तिला इतकं बरं वाटलं, की हात पुढच्या पिंजऱ्याकडे गेला. रविवारीही तेच.

"घरी लंगोट, इथं भुसा," झाडू मारता मारता सफाईवाली रोझी नेनी म्हणाली; मावशीला तिकडं नेनी म्हणतात. "तुझा जन्म ओल्यातच जाणार गं पोरी."

"ही बघा की नेनी, दोन दिवस कोरडी! गेर्गोला हिच्याकडे शिकवणीला धाडते."

दोघी खळखळून हसल्या.

सोमवारी पिवळी कोपऱ्यात पाठ फुगवून बसली होती. इबोयानं उचललं तर पोट दगडासारखं घट्ट. हलकेच दाबलं, रक्ताचा थेंब आला. दुपारपर्यंत पिवळी तिच्या तळहातावरच गेली.

"ओरडायचं तरी होतंस गं," इबोया पुटपुटली.

डॉक्टरांनी पोट उघडलं, मूत्राशय तराजूत ठेवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "रोज रिकामं करूनही एवढं वाढलं! हेच तर दाखवायचं होतं आपल्याला." मग त्यांनी इबोयाकडे पाहिलं. "दाबत होतीस ना?"

होय म्हटलं असतं तर खपून गेलं असतं.

"दोन दिवस नाही दाबलं. भुसा कोरडा होता... मला वाटलं, बरी आहे."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी वहीतल्या आकड्यावर रेघ मारली. "मग ही प्रयोगात धरता येणार नाही."

बाहेर रोझी नेनीनं तिला कोपरानं ढोसलं. "गप्प बसायचं होतंस, वेडे. मेली ती मेलीच, निदान कामी तरी आली असती."

इबोया आत गेली आणि उरलेल्या सहाजणींची पोटं एकेक करून पुन्हा दाबली. एकीनंही हूं की चूं केलं नाही.