दिलावरचाचांचं माप

१९४३ साली लढाईमुळे नवी काडतुसं मिळेनाशी झाली. उसात रानडुकरं माजलेली. कराडचे बंदुका दुरुस्त करणारे दिलावरचाचा रिकामी काडतुसं पुन्हा भरून देत. परवानेवाल्या बागायतदारांत नानासो मोठे. तीनशे पावलांवर पाच गोळ्या वितीच्या आत बसल्या तर सगळ्यांचं काम तुलाच, असं त्यांनी चाचांना सांगितलं होतं. मलाही शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी त्यांच्याच शब्दावर लागली होती.

चाचा काडतुसात बंदुकीची दारू मापाने भरत. अर्ध्यात कापलेलं जुनं काडतूस, हेच माप. सांगलीहून नुकतीच पदवी घेऊन आलेल्या मला ते पटेना. दारू तोलूनच भरली पाहिजे, असं मी बजावलं.

"मास्तर, ह्ये माप कवा खोटं बोललं न्हाई," चाचा म्हणाले. पण शिकलेल्या माणसापुढे त्यांनी हट्ट धरला नाही.

मी सोनाराचा काटा आणला. वजनाला गुंजा, सोनार वापरतात त्या लाल बिया. प्रत्येक काडतुसासाठी बटव्यातून नव्याने गुंजा मोजून घेतल्या. त्याच त्या वापरल्या तर एकच चूक पाचही वेळा होईल, असा माझा तर्क.

नानासोंच्या मळ्यात, त्यांच्यासमोर, पलटणीतून निवृत्त झालेल्या हवालदार हंबीररावांनी रायफल पोत्यावर टेकवून पाच बार काढले. भोकं एकाखाली एक पडली, सगळ्यात वरच्यापासून सगळ्यात खालचं दीड वीत.

"हात हलाय लागला रं तुझा, दिलावर," नानासो म्हणाले. काम पुण्याच्या दुकानाला गेलं.

भोकं आडवी पसरली नव्हती, म्हणजे नेम चुकला नव्हता. दारू कमीजास्त झाली होती, म्हणून गोळ्या वरखाली लागल्या होत्या. गुंजांच्या पाच पुड्या मी जपल्या होत्या. शाळेच्या तराजूवर एकही दुसरीशी जुळली नाही. मग चाचांचं माप पाचदा भरून तोललं. फरक जवळजवळ शून्य. बंदुकीला तेच हवं होतं, पाचही वेळा सारखं.

चाचांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत.

"मग नानासोंस्नी येवढं सांगा. लोकं माझा हात गेला म्हनत्यात."

रविवारी नानासोंकडे गेलो. त्यांनी चहा दिला, जूनपासून नोकरी कायम करतो म्हणाले. मी चहा प्यालो आणि परतलो.

"बोललासा?" चाचा विचारत. नानासो गावाला गेलेत, असं मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. आता ते विळ्यांना धार लावतात, आणि मी दिसलो की सहाणेचं चाक जोरात फिरवतात.