दोनशे बारा वाक्यं

माझ्या लॅपटॉपवरची ‘स’ची कळ निखळून कुठेतरी हरवली, तेव्हा दादाने त्याच्या हत्यारांच्या पेटीतून कोटाचं एक तपकिरी बटण काढलं, खालून घासून पातळ केलं आणि त्या जागी चिकटवून दिलं. म्हणाला, “घे. सत्य, सेवा, संयम, सगळं लिही आता तुझं.”

दादा शिलाई मशीन दुरुस्त करायचा, घरोघर जाऊन. वस्तू टाकून द्यायची म्हटलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. मी त्याची धाकटी बहीण. त्याच्याच घराच्या वरच्या खोलीत राहते, छापखान्याची मुद्रितं घरी बसून तपासते. लॅपटॉप नऊ वर्षांचा होता. बिजागरी मोडल्यामुळे झाकण मागे कलंडायचं, म्हणून त्याला टेकू द्यायला दादानेच एक लाकडी ठोकळा करून दिला होता. चालू व्हायला तो इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात माझी प्रार्थना म्हणून व्हायची.

“हे मशीन नाही गं, हा तुझा आणखी एक नेम आहे,” दादा म्हणायचा.

नेमांवरून तो मला सतत छळायचा. हाकच मारायचा ‘नेमबाई’ म्हणून. सकाळी दिवा लावायचा, ठरलेलं एक पान वाचायचं, मग तासभर मौन पाळायचं, असं माझं वर्षानुवर्षं चालू आहे. मौन सुटायच्या वेळी हा जिन्याखाली उभा राहून ओरडायचा, “नेमबाई, आज काय काय बंद आहे? श्वास तरी चालू ठेवलायस ना?” त्याचा आवाज मोठा आणि थोडा फाटका होता. चार घरं पलीकडे कळायचं, मशीनवाला घरी आलाय.

मग डॉक्टरांनी त्याच्या आजाराचं नाव सांगितलं. एकेक स्नायू ऐकेनासा होणार होता. त्यातही घसा आणि जीभ आधी. त्या संध्याकाळी मी दिव्यापुढे बसले आणि नवा नेम घेतला. वर्षभर स्वतःसाठी एकही नवी वस्तू घेणार नाही, कुणी आणून दिली तरी वापरणार नाही. त्याच्या बदल्यात दादाला बरं वाटू दे, असं मी म्हटलं नाही. देवाशी सौदा करू नये एवढं मला कळतं. पण मनात तेच होतं.

वर्ष संपायला सात आठवडे राहिले असताना आवाजाच्या बाई घरी आल्या. त्यांचं काम रुग्णांना बोलायला मदत करण्याचं, म्हणून आम्ही त्यांना तसं म्हणायचो. दादाची जीभ तेव्हा जराशी जड झाली होती, पण आवाज त्याचाच होता. बाईंनी माझ्या लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम घातला. पडद्यावर एकेक वाक्य येणार, दादाने ते वाचायचं. अशी साडेतीनशे वाक्यं जमली की संगणक त्यातून दादाचा आवाज तयार करणार. पुढे बोलणं बंद झालं तरी तो जे टाइप करेल ते त्याच्याच आवाजात ऐकू येणार.

“यादीतली वाक्यं आधी,” बाई म्हणाल्या. “ती झाली की स्वतःची घाला. घरातल्या हाका, नावं, काय हवं ते.”

“शिव्यांना जागा किती?” दादाने विचारलं.

“शंभर पुरतील?”

“सध्या पुरतील.”

पहिलं वाक्य आलं, ‘बंदरात जहाज उभे आहे.’ दादाने ते घसा साफ करून, एखाद्या पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं वाचलं. तेवढ्यात लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. ‘गोंगाट आहे. पुन्हा बोला.’ तो पुन्हा बोलला. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा पडदा जागीच गोठला. चौथ्यांदा कुठे ते वाक्य आत गेलं.

“हे असं नाही चालायचं,” बाई म्हणाल्या. “दवाखान्यातलं मशीन आहे, पण ते तिसऱ्या मजल्यावर. इथून तिथवर येईपर्यंतच यांचा आवाज थकेल. तुम्ही नवा घ्या. चांगल्या लॅपटॉपवर हे काम आठवड्याच्या आत उरकतं.”

मी हळूच विचारलं, “आवाज किती दिवस राहील?”

“सहा महिने तरी राहावा. पण त्यावर विसंबून राहू नका.”

मी त्यातलं पहिलं वाक्य जपून ठेवलं आणि दुसरं सोडून दिलं.

बाई गेल्यावर आम्ही तिघं टेबलाशी बसलो. वहिनी पदर खोचून म्हणाल्या, “त्यात विचार कसला करायचा? मी घेते उद्या. माझा म्हणून घेते. तुझा नेम तुझ्यापाशी.”

“वहिनी, ती पळवाट झाली. वापरणार तर मीच ना? वाक्यं मी लावणार, छापखान्याचं कामही पुढे त्यावरच करणार.”

“मग नको करूस छापखान्याचं काम त्यावर!”

“तसं नसतं हो ते.”

आज कुणी मला विचारलं की मग कसं असतं, तर मला सांगता येणार नाही. मी दादाकडे वळले. “दादा, तू सांग. सातच आठवडे उरलेत. सहा महिने आहेत म्हणतात. थांबायचं की आत्ताच घ्यायचा? तू म्हणशील तसं करते.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग त्या बटणाकडे. “दहा महिने नेम सांभाळलायस माझ्यासाठी. आता कशाला मोडतेस? आणि या लॅपटॉपला काय धाड भरलीये? चालतोय ना? मी काय कुठे पळून चाललोय?”

वहिनी उठून आत गेल्या. भांडी जरा जोरात वाजली.

दुसऱ्या दिवशी दादाने लॅपटॉप उघडला, धूळ झटकली आणि पंख्याच्या दांड्याला शिलाई मशीनचं तेल लावलं. दोन दिवस पंखा असा शांत झाला की दादा मिशीत हसत हिंडत होता. तिसऱ्या दिवशी त्या तेलाला सगळी धूळ चिकटली आणि घरघर दुप्पट झाली. “तेल बरोबर होतं,” दादा म्हणाला. “मशीन चुकीचं निघालं.”

आम्ही रोज दहा वाजता बसायचो. खिडक्या लावायच्या, वहिनींनी नळ बंद ठेवायचा. पंखा मंदावला की मी बोट वर करायची आणि दादा घाईने वाक्य म्हणायचा. एकेक वाक्य चार-चार वेळा. चांगला दिवस असला तर नऊ वाक्यं व्हायची. लाल अक्षरं आली की दादा पडद्यालाच दरडावायचा, “अरे, बहिरा आहेस का तू?” तेही यंत्र टिपून घ्यायचं आणि गोंगाट म्हणून पुसून टाकायचं. शेवटी शेवटी तो दरडावायचंही थांबला. आवाज वाक्यांसाठी राखून ठेवत होता.

एकदा मी म्हटलं, “दादा, आज तुझं एक वाक्य घेऊ या? मला हाक मारतोस ते?”

“यादी संपू दे आधी. नेम म्हणजे नेम,” तो म्हणाला आणि मला डोळा मारला.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी त्याला सर्दी झाली. साधी सर्दी, वहिनींकडून आलेली. ती छातीत उतरली. त्याला खोकून कफ बाहेर काढता येईना. दवाखान्यात नेलं आणि श्वास चालावा म्हणून डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी बसवली. दादा वाचला. आवाज त्या दिवशी गेला.

दवाखान्याच्या लांब बाकावर मी आणि वहिनी बसलो होतो. त्या म्हणाल्या, “तू त्याला विचारलंस ना, तिथेच चुकलं बघ. तो तुला नाही कसं म्हणणार होता गं?” त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ठरल्या तारखेला माझा नेम पूर्ण झाला. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन लॅपटॉप घेतला. विकणाऱ्या मुलीने तो चालू करून दाखवला. मी कान देऊन ऐकत होते. पंख्याचा आवाज येतच नव्हता. “बिघडलाय का?” मी विचारलं. ती हसली. “नाही हो काकू, नवे असेच असतात.”

आवाजाच्या बाईंनी जुनं सगळं नव्यात आणलं. यादीतली दोनशे बारा वाक्यं जमली होती. तेवढ्यावर आवाज तयार होत नाही. आता दादा टाइप करतो आणि यंत्रातला कुणी परका माणूस बातम्या दिल्यासारखं बोलतो. घरी आल्यावर दादाने पहिलं टाइप केलं ते हे, “हा कोण बोलतोय माझ्या घरात?” परक्या माणसाने ते गंभीरपणे विचारलं. वहिनी हसता हसता रडल्या.

ती दोनशे बारा वाक्यं मात्र जशीच्या तशी वाजवता येतात. हे दादानेच शोधून काढलं. मी औषधासाठी तिसऱ्यांदा मागे लागले की तो बोट हलवतो आणि त्याचा खरा, फाटका आवाज खोलीत भरतो, ‘बंदरात जहाज उभे आहे.’ बोलके पाहुणे उठायचं नाव घेत नसले तर ‘शेवटची गाडी सुटली आहे.’ प्रत्येक वाक्याच्या मागे माझ्या जुन्या लॅपटॉपची घरघर ऐकू येते.

सकाळचं मौन मी सोडलं. दिवा लावते, पान वाचते आणि खाली येऊन त्याच्याजवळ बसते. परवा तशीच बसले होते. इतके दिवस जे ओठांवर येऊन परत जात होतं, ते बोलले.

“दादा, तो नेम मी तुझ्यासाठी केला असं सगळ्यांना सांगत आले. सुरुवातीला होताही. पण त्या दिवशी टेबलाशी मी तुझा विचार करत नव्हते रे. नेम मोडला आणि तुला काही झालं, तर ते माझ्या माथी येईल, याची मला भीती वाटत होती. मी मला वाचवत होते. देवाने माझ्याकडे नेम मागितला नव्हता. बाईंनी नवा लॅपटॉप मागितला होता, वहिनींनी मागितला होता. तूही मागितला असतास, मी विचारलं नसतं तर.”

त्याने लॅपटॉप जवळ ओढला. मग बोटं कळांवर ठेवली. आता तो परका माणूस काहीतरी बोलणार, म्हणून मी मान खाली घातली. पण दादा टाइप करत नव्हता. त्याने वाक्यांची यादी उघडली होती आणि तो एकेक ओळ खाली सरकत होता. ती यादी मला पाठ आहे. जाऊ दे, असू दे, माफ केलं, असलं एकही वाक्य तिच्यात नाही. मी आधीच शोधून पाहिलं होतं.

तो शेवटाकडे थांबला. आधी पंख्याची घरघर आली. मग त्याचा आवाज, चार वेळा तेच म्हणून दमलेला.

‘दार उघडे आहे. आत या.’

स्वयंपाकघरातून वहिनी हात पुसत लगबगीने बाहेर आल्या आणि कोण आलंय म्हणून दाराकडे बघू लागल्या.