पांढऱ्या डागाची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. माझी हकिगत कोणी आवर्जून ऐकावी एवढी काही मी मोठी नाही, आणि मला बोलायची सवयही नाही. पण आमच्या केशकर्तनालयात आरशाच्या चौकटीत एक पोस्टकार्ड खोचलेलं होतं. होळी आली, गेली, उन्हं तापायला लागली, तरी त्या कार्डाला उत्तर गेलं नव्हतं. त्या कार्डाच्या अगदी खाली मी भिंतीला टेकून उभी होते. ते आठवलं की मला गप्प राहवत नाही. सांगताना कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

मी सागाची. धामणगाव बढ्याच्या बाजूला आमचं गाव आहे. तिथल्या वाचनालयाच्या कपाटासाठी सुताराने मला रंधा मारला आणि पुष्कळ वर्षं मी पुस्तकं अंगावर घेऊन उभी राहिले. वाचली मात्र एकही नाहीत. म्हणून कुठे शहाणपणा करायला लागले की माझी मलाच लाज वाटते. पुढे वाचनालय बंद पडलं आणि कपाट मोडीत निघालं. तेव्हा रामरावांनी मला विकत घेतलं.

रामराव केस कापायचे. त्यांनी दुकानातल्या खुर्चीच्या दोन हातांच्या मापाने मला कापून घेतलं आणि माझ्या कडा काचेने घासून गोल केल्या. लेकरांच्या मांडीत कुसळ शिरू नये, एवढीच त्यांना काळजी. खुर्ची मोठ्या माणसांची. लहान मूल तिच्यात बसलं तर आरशात दिसतच नाही. मग खुर्चीच्या हातांवर मला आडवी टाकायची आणि मूल माझ्यावर बसवायचं.

आमच्याकडे लेकराचे पहिले केस मामाच्या मांडीवर निघतात. त्यानंतरचे माझ्यावर. कोणी कैचीचा आवाज ऐकूनच भोकाड पसरायचं, कोणी बसल्या बसल्या मला ओली करायचं, कोणी हातातली गोळी मलाच चिकटवून जायचं. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. मग एक दिवस आई कौतुकाने म्हणायची, "आता फळी नाही लागत माह्या पोराले!" पोरगं ताठ मानेने खुर्चीत बसायचं आणि मी कोपऱ्यात. मलाही आनंद व्हायचा. थोडं रिकामंही वाटायचं.

रामराव गेले आणि त्यांचा मुलगा माणिकराव कैची चालवू लागला. दिवस बदलले. आधी म्हातारे केस काळे करून घ्यायला यायचे, मग तरुण पोरं सोनेरी करून घ्यायला येऊ लागली. आणि मागच्या दिवाळीआधी मोतीराम पाटलांचा अविनाश त्याच्या पाच वर्षांच्या ऋत्विकला घेऊन आला. ऋत्विकला माझ्यावर बसवून त्याने मोबाइल पुढे केला.

"माणिकभाऊ, हे पाय. असेच सोनेरी पाह्यजे. व्हिडिओ टाकतो याचा."

"लई लहान हाय ना तो."

"लहान हाय म्हणून तं गोड दिसते!"

माणिकराव नको म्हणत होता, पण त्याचा आवाज बारीक होता. पाटलांच्या घरची पाच-सहा डोकी त्याच्याच दुकानात यायची. शेवटी त्याने केसांचा रंग उडवणारी पावडर कालवली. नाकाला झोंबणारा वास सुटला. ऋत्विक वळवळला, त्याचा हात वाटीला लागला आणि एक गोळा माझ्यावर पडला. थोडा त्याच्या मांडीवरही उडाला. "बाबा, आग होते! आग होते!" असं ओरडत ते लेकरू माझ्यावरच नाचू लागलं. माणिकरावने त्याला उचलून बाहेरच्या नळाखाली धरलं. मांडीवर लाल चट्टा उठला होता.

"डोक्याले नाही लागलं ना?" अविनाश म्हणाला. "मंग लाव आता."

"नाही लावत."

"एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसला बे?"

"मांडी हाय म्हणून दिसलं. डोक्यात काय झालं असतं ते केसाखाली कोणाले दिसते? जा, घेऊन जा त्याले. लेकराच्या डोक्याले मी रंग लावत नाही."

ते गेले, आणि पाटलांच्या घरची डोकी दुसऱ्या दुकानात जाऊ लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकरावने मला पुसायला घेतलं तर गोळा पडला होता तिथे माझा रंगच उडाला होता. इतक्या वर्षांच्या तेलकट तपकिरी सागावर एक पांढुरका डाग. त्याने घासला, तेल चोळलं. डाग गेला नाही. त्याच सुमारास पायाने वरखाली करता येणारी नवी खुर्ची आली आणि माझी गरजच उरली नाही. डागाची बाजू भिंतीकडे करून त्याने मला आरशाखाली उभं केलं. वर टॉवेल वाळत टाकले. मला वाटलं, संपलं आपलं आयुष्य.

मग ते पोस्टकार्ड आलं. पोस्टमन दारातून हाक मारून गेला तेव्हा इंद्रभान गुरुजी खुर्चीत बसले होते, डोक्याला काळा रंग लावून.

"माणिक, तुले पत्र? लग्नाच्या पत्रिकेशिवाय कधी काही आलं होतं का तुले?"

"वाचून दाखवा ना गुरुजी. बारीक अक्षर हाय."

गुरुजींनी वाचलं. "प्रिय माणिककाका, आमच्या बाईंनी खऱ्या माणसाला खरं पत्र लिहायला सांगितलं, म्हणून तुम्हाला लिहिते. माझ्या कपाळावरची बट जन्मापासून पांढरी आहे. शाळेत मला म्हातारी म्हणतात. भीमजयंतीला स्टेजवर माझं भाषण आहे. तुम्ही म्हाताऱ्या माणसांचे केस काळे करता. माझी बट काळी कराल का? त्यासाठी किती वर्षांचं व्हावं लागतं? पत्राचं उत्तर पत्रानेच द्यावं असं बाई म्हणाल्या. तुमची, मंजुश्री अश्वजित तायडे, इयत्ता चौथी."

"पाठव लिहून," गुरुजी हसले, "म्हण, साठ वर्षं लागतात. मी तं पन्नाशीतच सुरू केलं."

माणिकरावने न हसता कार्ड आरशाच्या चौकटीत खोचलं.

त्याचं का अडलं, ते मी सांगते. लेकराच्या डोक्याला रंग लावायचा नाही हे त्याचं ठरलेलं होतं. पण हे पत्र तायड्यांच्या घरातलं होतं. माणिकरावच्या आज्याच्या काळात गावात जात पाहून तायड्यांच्या वस्तीतल्या माणसांचे केस कापत नसत. मंजुश्रीचा आजा केस कापायला पायी मोताळ्याला जायचा. रामरावांनी ते मोडलं आणि मंजुश्रीच्या बापाला, अश्वजितला, गावादेखत माझ्यावर बसवलं. त्या घरातलं माझ्यावर बसलेलं ते पहिलं लेकरू. आता त्याच घरातल्या पोरीला याच दुकानातून 'नाही' कसं लिहायचं? रात्री दुकान बंद करताना माणिकराव कार्ड हातात घ्यायचा आणि परत खोचायचा. मला वाटायचं, आपण काहीतरी सांगावं. पण मी फळी. माझं कोण ऐकणार?

जयंती चार दिवसांवर आली तेव्हा मंजुश्रीची आजी, बेबीताई, स्वतःच नातीला घेऊन आल्या. मंजुश्रीने रुमाल कपाळावर ओढून बांधला होता. बेबीताईंनी बाजारातून आणलेला काळ्या रंगाचा डबा पुढे ठेवला.

"माणिक, हे लाव इच्या बटेले. पोरगी म्हणते, अशी मी स्टेजवर चढतच नाही. भाषण सारं तोंडपाठ हाय."

"मावशी, हे लेकराचं नाही. कपाळाची कातडी..."

"एवढीशी तं बट!"

"एवढी असो का तेवढी. मी नाही लावत."

बेबीताईंनी पदर सावरला.

"काऊन? माह्या मालकाले तुह्या आज्यानं नाहीच म्हटलं होतं. आता तुबी नाहीच म्हण माह्या नातीले."

माणिकरावचा चेहरा उतरला. ज्याला तो इतके दिवस भीत होता, तेच झालं होतं. मला वाटलं, आता हा डबा उघडतो. पण त्याने टॉवेल बाजूला केले, मला उचललं, खुर्चीच्या हातांवर टाकलं आणि डागाची बाजू वर केली.

"बस बेटा."

मंजुश्री बसली. किती दिवसांनी माझ्यावर लेकराचं वजन आलं होतं! तिचं बोट डागावर गेलं.

"काका, इले काय झालं?"

"रंग सांडला. पाटलाच्या ऋत्विकसाठी कालवला होता. त्याची मांडी पोळली, अन् ह्या सागाचा रंग गेला." मग तो बेबीताईंकडे वळला. "मावशी, माह्या आज्यानं माणूस पाहून नाही म्हटलं, ते पाप होतं. मी हा डबा पाहून नाही म्हणून राह्यलो. पाटलालेबी नाहीच म्हटलं. त्याच्या घरचं एक डोकं आता माह्याकडं येत नाही. तुमीबी येणं बंद केलं, तरी मी लावणार नाही."

बेबीताईंनी माझ्याकडे पाहिलं. घासून गोल केलेल्या माझ्या कडेवर हात ठेवला.

"हे तेच फळी होय का?" त्या हळूच म्हणाल्या. "अश्वजित बसला होता ते?"

"हाव. तेच."

त्यांनी डबा उचलून पिशवीत टाकला आणि नातीचा हात धरला. दारातून मंजुश्री वळून म्हणाली, "काका, माह्या पत्राचं उत्तर?"

"देतो."

"पोस्टानं देजा."

जयंतीच्या संध्याकाळी अश्वजित धापा टाकत दुकानात आला. "माणिकभाऊ, ते फळी द्या बरं. मंजूले माइक पुरून नाही राह्यला. आईनंच धाडलं मले."

माणिकरावने मला त्याच्या हातात दिलं नाही. स्वतःच खांद्यावर घेऊन तो निघाला.

मित्रांनो, मी स्टेजवर कधी गेले नव्हते. दोन विटांवर मला टाकलं आणि मंजुश्री माझ्यावर चढली. निळ्या रिबिनीच्या दोन वेण्या होत्या. रुमाल नव्हता. ती पांढरी बट दिव्याच्या उजेडात अशी दिसत होती की मागच्या रांगेतल्यालाही दिसावी. गर्दीतून एक पोरगं ओरडलंच, "म्हातारी आली रे!"

लोक हसले. तिच्या पायाची बोटं माझ्यावर आवळली गेली. मी हलले असते तर ती पडली असती. मी हलले नाही. विटा डगमगल्या, तरी मी हलले नाही.

"हाव, तेच मी," ती माइकमध्ये म्हणाली. "आता भाषण ऐका."

पुन्हा हशा झाला, पण तो वेगळा होता. मग ती बोलली. कुठेही अडली नाही. पुढच्या रांगेत बेबीताई डोळे पुसत शेजारणीला सांगत होत्या, "बट पाहू नको, भाषण ऐक!"

मित्रांनो, उपदेश करायला मला संकोच वाटतो. तुमचे केस तुमचेच आहेत, मोठे झालात की हवे तसे रंगवा. पण ज्यांचे पाय अजून जमिनीला टेकत नाहीत, त्यांच्या डोक्यावर दुसऱ्यांनी आपली हौस ओतू नये. आपली लाजही ओतू नये. आणि कोणी म्हातारी म्हणून ओरडलं, तर त्याच्यासोबत हसू नका, एवढं माझ्यासाठी करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकराव मला घ्यायला आला. परतताना वाटेत तो पोस्टात शिरला, एक कार्ड घेतलं आणि बाहेरच्या पायरीवर बसून मला मांडीवर ठेवलं. कार्ड माझ्यावर होतं. पेन इतकं दाबून चाललं होतं की प्रत्येक अक्षर मला समजत होतं. पुस्तकं नुसती वाहिलेल्या मला पहिल्यांदाच काही वाचता आलं.

"चि. मंजुश्री, सप्रेम जयभीम. तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. तू विचारलं, किती वर्षांचं व्हावं लागतं. वर्ष मला माहीत नाही. फळीवर बसते तोवर नाही, एवढं माझ्या दुकानात ठरलं आहे. पाय खुर्चीच्या खालच्या, पाय ठेवायच्या पट्टीला टेकले की ये. तेव्हा मी तुझ्या आजीला नाही, तुला विचारीन. आणि तेव्हा तुला नको वाटलं तर फार चांगलं. हे 'नाही' रंगाला आहे. तुला नाही. तुझा माणिककाका."

त्याने ते दोनदा वाचलं. एक शब्द खोडावा की काय अशा विचारात पेन जरा घोटाळलं. मग त्याने टोपण लावलं, मला काखेत धरलं, लाल पेटीसमोर उभा राहिला आणि कार्ड आत सोडलं.