आजी कुणाला भेटायला जायची

बेकरीवाल्या आजीच्या नातीला घरात सगळे चोंबडी म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाच्या पोरीने नोकरी का सोडली, हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पण एका प्रश्नावर घरातले मिठाची गुळणी धरून बसत. आजी दर महिन्याला डबा घेऊन तुरुंगात कशाला जाते?

तुरुंगात होता मामा. चोंबडी सहा वर्षांची असताना तिच्या बापाला, म्हणजे आजीच्या पोटच्या पोराला, त्याने बेकरीमागच्या पिठाच्या खोलीत भट्टीच्या सळईने मारलं होतं. तशी त्याने स्वतःच कबुली दिली होती. मुलाच्या खुन्याला आजी खाऊ घालते, केवढं मोठं मन, असं गाव म्हणे. चोंबडीला ते पटत नसे. शेजारच्या शिंप्याने उसनी नेलेली शिडी मोडून आणली, तर ही आजी त्याच्याशी वर्षभर बोलली नव्हती. आईला विचारावं, तर आई उठून कामाला लागायची. दोन वर्षांपूर्वी आई आजारपणात गेली, ती काही न सांगताच.

मग मामा सुटला. आजीने त्याला घरी आणलं, आपली खोली दिली आणि दुसऱ्या दिवसापासून तो बेकरीत पीठ मळायला उभा राहिला. गिऱ्हाईक रोडावलं. आजीने तिकडे लक्षच दिलं नाही.

एका दुपारी चोंबडी केकवर फुलं काढत होती. मामाने वाकून पाहिलं.

"हा जांभळा की निळा गं?"

तो शब्द लांबवून बोलायचा. जांऽभळा. चोंबडीचा हात थांबला. हा आवाज तिने असाच, याच शब्दासह, कानाजवळ ऐकला होता. ती गल्ल्याखाली बसली होती, मांडीवर नवी रंगपेटी होती, आणि मामा बोट ठेवून रंग ओळखायला शिकवत होता. आतून बाबाचा आरडाओरडा, आईची किंकाळी, मग काहीतरी धपकन पडलं आणि सगळं शांत. मामाचं बोट तेव्हाही जांभळ्यावरच होतं.

"मामा, रंगपेटी मला कधी आणलीस?"

"कुठली रंगपेटी?"

"बाबा गेला त्या दिवशीची."

मामा पुन्हा पीठ मळायला लागला. "नाही बुवा आठवत."

"मला आठवतं. आतला आवाज बंद झाला तेव्हा तू माझ्याजवळ होतास."

"सहा वर्षांच्या पोरीला काय आठवणार?"

"माझं वय मात्र बरोबर आठवतं तुला."

"पुरे," दारातून आजी म्हणाली. ती किती वेळ तिथे उभी होती कोण जाणे. मामाने मान हलवून तिला नको म्हटलं, पण ती पिठाच्या पोत्यावर बसली.

"तुझ्या आईला तुझा बाप नेहमीच मारायचा. त्या दिवशी गळाच धरला. मी ओरडले, ओढलं, तो सोडेना. तिचे डोळे पांढरे झाले. सळई हाताशी होती."

चोंबडीला पुढचा प्रश्न सुचेना. असं तिचं कधी झालं नव्हतं.

"मामा आत आला," आजी म्हणाली, "आणि माझ्या हातातून सळई काढून घेतली. म्हणाला, मेहुण्याने मारलं म्हटलं तर लोक चार दिवस बोलतील. जन्मदात्या आईनेच मुलाला मारलं म्हटलं, तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल."

"आणि तू गप्प बसलीस?"

"बसले. आधी तुझ्यासाठी. नंतर भीतीने."

चोंबडीला मामाचा राग आला, मग आजीचा, मग कुणाचा ते तिलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स पाव घ्यायला आली. आत मामाला पाहून तिने पिशवीची परत घडी केली. "हा मळतो होय पीठ? मग राहू दे."

"माझ्या मुलाला मी मारलं," आजी म्हणाली. आवाज चढवला नाही. "याने नाही. आता पाव हवा असेल तर घे."

नर्स तशीच उभी राहिली. मामा पिठाच्या हातांनी बाहेर आला. "आजी, काय गरज होती? माझी वर्षं काय परत येणार आहेत?"

"तुझी नाहीत येणार. म्हणून माझी उरलेली देते." तिने चपला पायात सरकवल्या. "चौकीत जाऊन येते. चोंबडे, येतेस?"

चोंबडीने हात धुतले. मामाला म्हणाली, "भट्टीकडे बघ, जळेल." मग तिने आजीचा दंड धरला.

रस्त्यावर दोघी हळूहळू चालल्या. चौकात आल्यावर चोंबडीने विचारलं, "आजी, बाबा लहान असताना कसा होता गं?"

आजी थांबली. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"हट्टी," ती म्हणाली. "पण झोपताना माझा पदर मुठीत धरल्याशिवाय डोळा लागायचा नाही त्याचा." आणि चौकीच्या पायऱ्या येईपर्यंत ती मुलाबद्दल बोलत राहिली.