भरलेला तांब्या

उमादेवींचं पत्र शहाऐंशीच्या उन्हाळ्यात आलं होतं. निळं आंतरदेशीय, बिलोलीचा शिक्का. "भाऊ, होळीला हे आले तवा यांचा हात कापत होता. पाडव्याला आलेच न्हाईत. तुम्ही सोबत राहता. काही वेगळं दिसत असंल तर एक ओळ कळवा. मी कुणाला सांगणार न्हाई."

मी ती ओळ कळवली नाही.

त्यांचे यजमान विरूपाक्ष लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा इथल्या कचेरीत कारकून म्हणून आले. मी वाचनालयात ग्रंथपाल, बिनलग्नाचा. दोघांनी मिळून दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. "शेषेराव, लग्न करा. पुस्तकं काय भाकरी थापून देणार हायेत का?" असं ते रोज म्हणायचे. तसं म्हणणारं दुसरं कुणी मला नव्हतं.

सकाळी अंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन ते माझ्यासमोरच पूजेला बसत. मी वाचत असे. पत्र आलं त्या साली मात्र ते आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेऊ लागले. आत जाताना हात थरथरायचा, बाहेर येताना स्थिर असायचा. ध्यानानं शरीराचा कंप जातो, असं मी कुठंतरी वाचलं होतं. मला त्यांच्या भक्तीचा हेवा वाटला.

एकदा धीर करून म्हणालो, "हात कापतोय तुमचा."

"उपास हाय. सोमवारचा."

"आज बुधवार आहे."

"मग बुधवारचा धरा की!" ते हसले. मीही हसलो. त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता.

तेव्हा टँकर चार दिवसांनी यायचा. पूजेला नेलेला पाण्याचा तांब्या भरलेलाच परत येऊ लागला. लिंगाला पाणी घातलेलंच नसायचं. मला मात्र पाणी वाचल्याचा आनंद व्हायचा. त्याच पाण्याचा मी चहा करत असे.

उमादेवींचं पत्र आल्यावर एका दुपारी आतल्या खोलीत गेलो. पूजेच्या पाटाखाली रिकामी बाटली होती. ती होती तशीच ठेवली. पत्र लिहायला बसलो, फाडलं, पुन्हा बसलो. एका बाटलीवरून माणसाबद्दल काय लिहायचं? त्यांना कळलं तर ते खोली सोडून जातील, अशीही भीती होती. खरं तर तीच मोठी होती.

पुढच्या वर्षी ते गेले. कावीळ झाली, टँकरचं पाणी बाधलं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

परवा डोळे दाखवायला नांदेडला गेलो होतो. बसस्टँडवर एका बाईंनी हाक मारली, "शेषेरावभाऊ ना तुम्ही?" उमादेवी होत्या. केस पूर्ण पांढरे. अजून बिलोलीच्या त्याच घरात राहतात. मुलगा भीमाशंकर तिथंच दुकान चालवतो.

"लई देवभक्त झालाय," त्या म्हणाल्या. "दार लावून पूजा करतो. सून म्हणते, आत्या, आत काहीतरी चालू हाय, यांचा हात कापतो. मी तिला दटावलं. म्हणलं, मलाबी असाच संशय आला होता. तुझ्या सासऱ्यासोबत राहणाऱ्याला पत्र धाडलं. शिकलेला माणूस. काही असतं तर त्यानं कळवलं नसतं का?"

बिलोलीची बस लागली. "बरंय भाऊ, डोळ्याला जपा," म्हणून त्या चढल्या.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या पोस्टात आंतरदेशीय मागितलं. कारकुनानं ड्रॉवर उपसून एक शोधून दिलं. तिथंच बाकावर बसून लिहिलं.

"उमादेवीताई, तुमच्या पत्राचं उत्तर. तुम्हाला दिसलं ते खरं होतं. ते दारू प्यायचे. हात कापायचा थांबावा म्हणून सकाळीच, पूजेच्या नावाखाली. मी बाटली पाहिली होती आणि गप्प बसलो. तुमचा तो नुसता संशय नव्हता. सुनेचं ऐका. भीमाशंकरला आजच दवाखान्यात न्या. एकदम बंद करायला लावू नका, त्यानंही जिवाला धोका असतो. डॉक्टरांना सगळं सांगा. मला शिव्या द्या, पण न्या."

पत्ता सोबत आणलेल्या त्यांच्या जुन्या पत्राच्या पाठीवरून उतरवला. पुन्हा वाचलं असतं तर फाडलं असतं. म्हणून न वाचताच चिकटवलं आणि पेटीत टाकलं.