पांढरी, काळी आणि मास्तरांचा ब्रेक

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. रंग राखाडी. पूर्वी तो चंदेरी होता म्हणतात, पण आता मलाच खात्री देता येत नाही. माझी चारही चाकं काढून नेली आहेत आणि भंगाराच्या आवारात मी विटांवर बसले आहे. बसून राहिलेल्याला बोलायची हौस फार असते, तेव्हा ऐका. गोष्ट फारशी गोड नाही. गोड ऐकायचं असेल तर नव्या गाडीकडे जा. तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं, म्हणून ती गोडच बोलते.

कारखान्यातून मी बाहेर पडले तेव्हा माझ्या शेकडो बहिणींसारखीच होते. चार दारं, मागे सामानाची डिकी, पुढे दोन दिवे. माझं वेगळेपण नंतर आलं. मला विकत घेतलं ते गाडी शिकवणाऱ्या एका मास्तरांनी. घरी नेण्याआधीच त्यांनी मला फिटरकडे उभं केलं आणि चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटखाली दुसरा ब्रेक बसवून घेतला. शिकणारा चुकला की मास्तर तो ब्रेक दाबायचे आणि मी जागच्या जागी थांबायचे. त्यांच्या पायापासून माझ्या ब्रेकपर्यंत एक जाड तार होती. ती ताणली गेली की मला बरं वाटायचं. आपलं कुणीतरी आहे, असं वाटायचं.

माझ्यावर किती जण शिकले म्हणून सांगू! दातांची डॉक्टरीण शिकली, बेकरीवाला शिकला, हात थरथरणारे हेडमास्तर शिकले. मी फुटपाथवर चढले, कचऱ्याच्या डब्याला धडकले, एकदा तर न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर नाक टेकवलं. आत एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं उठून पळालं होतं. मास्तरांचा ब्रेक नसता तर ते परत बसलं नसतं. "या गाडीवर दगडसुद्धा शिकेल," असं लोक म्हणायचे. मी फुलून जायचे. स्तुती कुणाला नको असते?

मास्तर चांगले होते, पण मऊ नव्हते. परक्यांना ते समजावून सांगत आणि पोटच्या मुलाला सोलून काढत. त्याला शिकवायला बसले की माझ्या चारही काचा खाली असायच्या. "पाय आहे की ओंडका?" असं त्यांनी विचारलं की भाजीवाल्यापासून टपरीवाल्यापर्यंत सगळे वळून बघायचे. मुलगा ब्रेककडे पाय नेतो न नेतो तोच मास्तरांनी आपला ब्रेक दाबलेला असायचा. त्या पोराला मला स्वतःहून थांबवायला कधी मिळालंच नाही. गावभर माणसं माझ्यावर परीक्षा पास झाली, पण मुलाला मास्तरांनी परीक्षेलाच बसवलं नाही. "तयार नाही," म्हणाले. शेवटी तो दुसऱ्या मास्तरांकडे, दुसऱ्या गाडीवर शिकून पास झाला. मास्तर ते विसरले नाहीत. मुलगा तर नाहीच नाही.

पुढे मास्तरांचे गुडघे गेले, डोळे गेले आणि शिकवणं बंद पडलं. माझ्या टपावरची शिकवणीची पाटी उतरली. आता मुलगा मला चालवू लागला. मागे सूनबाई आणि त्यांची लेक बिट्टी बसायच्या. शेजारच्या सीटवर अर्थात मास्तर. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांचा उजवा पाय सतत त्या ब्रेकवर असायचा. पुढे कुत्रं दिसलं, दाबला. पिवळा दिवा लागला, दाबला. काहीच दिसलं नाही तर उगाच बरं दिसत नाही म्हणून दाबला. एकदा सूनबाईंच्या मांडीवरचं दुधाचं पातेलं सगळंच्या सगळं सीटवर सांडलं. तो वास मला अजून आहे.

दुसऱ्या दिवशी मुलगा मला एकटाच फिटरकडे घेऊन गेला.

"पेडल राहू दे," तो म्हणाला. "खालची तार तेवढी काढ. आणि एक स्प्रिंग लाव, दाबल्यासारखं वाटलं पाहिजे."

"मास्तरांना सांगितलंय?" फिटरनं विचारलं. तोही माझ्यावरच शिकला होता.

"तुला काम सांगितलंय," मुलगा म्हणाला.

तार निघाली. मित्रांनो, कुणी तुमचा हात कापला आणि बाही तशीच भरून ठेवली तर कसं वाटेल, तसं मला वाटलं.

त्यानंतर एक खेळ सुरू झाला. अण्णांनी पेडल दाबलं की मुलगा कधीकधी आपला ब्रेक हळूच लावायचा. मी थांबले की अण्णा समाधानानं म्हणायचे, "बघ, होतो म्हणून!" मुलगा आरशातून बायकोकडे बघून डोळा मारायचा. मग बिट्टीला ते कळलं. ती मागून मुद्दाम ओरडायची, "अण्णा, ब्रेक!" आणि तो म्हातारा सगळा जीव पायात आणून ते मेलेलं पेडल दाबायचा. बिट्टी तोंडावर हात धरून लोळायची. तुमच्याच वयाची होती. हसणं गोड होतं तिचं, ते मी नाकारत नाही.

एके दिवशी शाळेच्या वळणावर समोरून वाळूचा ट्रक अंगावर आला. मी थांबले. ट्रक माझ्या नाकाला चाटून गेला. अण्णा घामानं डबडबले होते, आणि पाय पेडलवर रोवलेला. "नात वाचवली मी आज," ते म्हणाले. पुढे दारावर कुणीही आलं, अगदी मीटर बघायला आलेला माणूससुद्धा, तरी त्याला ही गोष्ट ऐकून जावं लागायचं.  ब्रेक कुणी लावला होता ते मुलाला ठाऊक होतं आणि मला.

मी जुनी झाले. चढावर धापा टाकू लागले. घरात नव्या गाडीचं बोलणं सुरू झालं आणि दोन नावांवर येऊन थांबलं. एक पांढरी आणि एक काळी. घरातली भांडणं माणसं घरात करत नाहीत, गाडीत काचा वर करून करतात. त्यामुळे त्या दोघींच्या कुंडल्या मला पाठ झाल्या. पांढरीची सीट उंच, डिकी मोठी, दारं रुंद. काळीची चाल वेगवान, दिसणं देखणं, पण ती इतकी ठेंगणी की तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. मला दोघी आवडल्या नाहीत. सवतीची तुलना सवतीशी चालली असताना पहिलीनं कौतुकानं ऐकावं, एवढं माझं मन मोठं नाही.

"अण्णा, तुम्ही म्हणाल ती घेऊ," मुलगा म्हणाला. "शेवटी जीव तुमच्याच पायात आहे आमचा." सूनबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवून हसू दाबलं.

अण्णांना ते खरं वाटलं. गाड्या बघायला जायच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली आणि शिकवताना घालायचे ते बूट कपाटातून काढून घातले. दोन्ही दुकानं एका चौकात समोरासमोर होती. मला मधोमध उभं केलं, म्हणजे मला सगळं दिसावं!

अण्णांनी पांढरीत बसून पाहिलं. दोनदा बसले, दोनदा उठले. दार आपटून आवाज ऐकला. मग पाय लांब करून मोकळी जमीन दाबली आणि विक्रेत्याला विचारलं, "इथं दुसरा ब्रेक बसेल?"

"बसेल की, काका. शिकवणारे बसवून घेतात."

समोरच्या दुकानात काळीत ते बसले खरे, पण उठता येईना. मुलानं आणि विक्रेत्यानं काखेत हात घालून उपसून काढलं. बिट्टीनं टाळ्या वाजवल्या. अण्णांनी कॉलर सारखी केली आणि तोच प्रश्न विचारला.

"नाही हो, खाली जागाच नाही."

"मग पांढरी," अण्णा म्हणाले. "ही काळी दिसायला बरी आहे, पण वेळेला थांबवणार कोण?"

"ठरलं तर," मुलगा म्हणाला. अण्णा पांढरीभोवती आणखी एक फेरी मारायला गेले. मुलगा आणि सूनबाई माझ्यात येऊन बसले. काचा वर गेल्या.

"काळीच," मुलगा म्हणाला. "ब्रेकचा प्रश्न आपोआप मिटतो."

"आणि त्यांना बसता-उठता येणार नाही त्याचं काय?"

"कितीदा येणारेत ते? पांढरी संपली म्हणून सांगू."

"बरं दिसेल का ते?" सूनबाईंनी विचारलं. मग आरशात बघून टिकली सारखी केली आणि म्हणाल्या, "काळीच्या सीटचा रंग मात्र मरून घेऊ."

मला हॉर्न वाजवता आला असता तर चौक गोळा केला असता. पण गाडीचा आवाजसुद्धा चालवणाऱ्याच्या हातात असतो.

मला बदल्यात द्यायचं होतं, म्हणून काळीच्या दुकानातला तपासनीस मला बघायला आला. ते बघून अण्णाही लगबगीनं आले. बाजारात आपलं जनावर कुणी तपासत असलं की मालक उभा राहतो, तसे ते माझ्या दाराशी उभे राहिले.

"एक सांगून ठेवतो," ते म्हणाले. "हिला दोन ब्रेक आहेत. शेजारचा जास्त तिखट आहे. हळू दाबा."

तपासनीसानं दाबला. पेडल जमिनीला टेकलं आणि स्प्रिंगनं टुणकन वर आलं. तो खाली वाकला, बॅटरीचा झोत मारला आणि पुन्हा वर आला. "काका, हा कशालाच जोडलेला नाही. तारच नाही इथं. गंज बघता, कित्येक वर्षं नसेल."

अण्णा हसले. त्यांना वाटलं, माणूस नवशिका आहे. मग त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलगा मोबाइलमध्ये बघत होता.

"आम्हाला माहितीच होतं!" बिट्टी उड्या मारत म्हणाली. "गंमत होती, अण्णा! मी ब्रेक म्हणायचे आणि तुम्ही दाबायचात!"

कुणी तिला गप्प केलं नाही. अण्णांनी माझ्या टपावर हात ठेवला, जिथं पाटीची भोकं लांबीचा लेप भरून बुजवली होती तिथं. 

"शाळेच्या वळणावर," ते म्हणाले, "ट्रक आला होता. तेव्हा?"

"मी लावला होता," मुलगा म्हणाला.

"वेळेवर लावलास." अण्णांनी मान हलवली, पास झालेल्या विद्यार्थ्याकडे बघून हलवायचे तशी. "चांगला लावलास. काळी घे."

मुलाचा चेहरा मी काचेत पाहिला. हे एक वाक्य ऐकायला त्यानं अर्धं आयुष्य काढलं होतं. ते मिळालं, आणि त्याला ते धरायला हात पुढे करता येईना.

काळी न्यायला ते परत आले, तेव्हा मी दुकानाच्या फाटकाशेजारच्या भिंतीला उभी होते. मुलानं अण्णांसाठी पुढचं दार उघडलं. अण्णांनी बिट्टीला तिथं बसवलं आणि आपण कुणाचाही हात न घेता, वाकत, कण्हत, मागे जाऊन बसले. पाय त्यांनी सीटखाली दुमडून घेतले. गाडी फाटकाशी आली आणि बिट्टी सवयीनं ओरडली, "अण्णा, ब्रेक!"

काळी गचकन थांबली. मुलाचा पाय ब्रेकवर गेला होता, सवयीनंच. त्यानं आरशातून मागे बघितलं. या वेळी डोळा मारला नाही. अण्णा खिडकीबाहेर बघत होते.

मित्रांनो, गाडीचं तेल वेळच्या वेळी बदला, चाकांत हवा भरा, पावसात उभी करू नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. कुणाची तार काढायचीच असेल, तर त्याला सांगून काढा. तो रागावेल, रडेल, चार दिवस जेवणार नाही, पण पाय तरी आखडून घेईल. माझं ते पेडल अजून जागेवर आहे. भंगारवाल्यानं सगळं काढून नेलं, तेवढं नेलं नाही. कशालाच जोडलेलं नाही, कोण घेणार?