रूपेशला पिवळा कर

"अजून पिवळा कर रं," गौराबाई म्हणाल्या.

मी माऊस आपटला. कडावच्या नाक्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे, आणि शेजारी बसून हुकूम सोडणारं गिऱ्हाईक मला मुळीच खपत नाही. पण गौराबाईंना काय बोलणार? त्यांचा लेक रूपेश माझा वर्गमित्र. साखरपुडा झाला आणि लग्नाआधीच तापानं गेला. आता त्याच्या धाकट्या बहिणीचं, समिधाचं लग्न झालं, तर तिच्या हळदीच्या फोटोत तिच्या खांद्यामागं त्यांना रूपेश हवा होता.

त्याचा फोटो छातीपर्यंतचाच, माझ्याच स्टुडिओतल्या पांढऱ्या उजेडातला. सुरुवातीला तसाच चिकटवला तर तो आगंतुक दिसत होता. म्हणून समिधाच्या डाव्या गालावर पडलेला मांडवातला लाल उजेड मी त्याच्याही गालावर चढवला. केसांच्या कडेला मागच्या दिव्याचा निळा दिला, मानेखाली सावली टाकली. आणि काय सांगू, गडी मांडवात येऊन उभा राहिला हो!

"आला गं बाय माझा," गौराबाई पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "आता पिवळा कर."

मांडवात एक पिवळा हॅलोजन होता, त्याचा उजेड दिला. त्यांना अजून हवा. अजून दिला. बिचारा कावीळ झाल्यासारखा दिसायला लागला.

"काकू, एवढा पिवळा दिवा होता कुठं तिथं? खोटं दिसतंय."

"दिव्याचं कोण बोलतंय रं मेल्या!" त्या उसळल्या, आणि लगेच आवाज बसला. "हळद लागायची ऱ्हायली ना त्याची. फोटूत वाटी हाय समिधाम्होरं, तिच्यातली लाव."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळा पिवळा उजेड काढून टाकला. वाटीतल्या हळदीचाच रंग उचलला.

"तुम्ही बोट ठेवाल तिथं मी लावतो," मी म्हणालो.

गौराबाईंनी पदराला बोट पुसलं. आमच्याकडं हळद पायांपासून वर चढते, मग गुडघे, खांदे, कपाळ शेवटी. त्यांचं बोट रूपेशच्या छातीवरून खाली गेलं, फोटो संपला, स्क्रीनही संपली, आणि ते माझ्या टेबलावर टेकलं.

"हे पाय," त्या म्हणाल्या.

तिथं लाकडाशिवाय काही नव्हतं. मी माऊस दोनदा दाबला.

"लावली काकू," म्हटलं. "आता गुडघे दाखवा."